झेंग फानझी : विक्रमी चित्रांचा जमाखर्च

१८ कोटी ४ लाख ४० हजार हाँगकाँग डॉलर. ५ ऑक्टोबर २०१३ रोजी हाँगकाँगमध्ये सदबीजच्या लिलावात 'द लास्ट सपर' या तैलचित्राला मिळालेली ही किंमत. अमेरिकी चलनात २ कोटी ३३ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने आपले साधारण १४३ कोटी रुपये. आशियातल्या कुठल्याही समकालीन कलावंताच्या कामाला लिलावात तोवर इतके पैसे मिळाले नव्हते. आधीचा उच्चांक जपानच्या ताकाशी मुराकामीच्या एका शिल्पाचा, २००८ सालचा, १ कोटी ५२ लाख डॉलरचा. चिनी चित्रकार झेंग फानझीने तो एका उडीत निम्म्याने मागे टाकला.

'झेंग फानझीने' असे आपण सहज म्हणतो. बातम्यांतही तसेच छापून आले. पण हा आकडा जरा उलगडून पाहिला, तर त्यात झेंग फानझी कुठेच सापडत नाही.

हातोडा पडला तो १६ कोटींवर. उरलेले २ कोटी ४ लाख ४० हजार हे खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्क. लिलावाच्या धंद्यात हे शुल्क टप्प्याटप्प्याने आकारतात. तेव्हा ते पहिल्या काही लाखांवर २५ टक्के, त्यापुढच्या रकमेवर २०, आणि अगदी वरच्या टप्प्यावर १२ होते. आयकराच्या उलटा प्रकार, जितके मोठे गिऱ्हाईक तितका दर कमी. म्हणजे बातमीतल्या किमतीतला नववा हिस्सा चित्राचा नव्हताच, तो विकणाऱ्या दुकानाचा होता. उरलेले १६ कोटी गेले बेल्जियमचे उद्योगपती गी उलेन्स यांच्या संग्रहाकडे, कारण चित्र त्यांच्या मालकीचे होते. ते रंगवून तेव्हा १२ वर्षे झाली होती. चित्रकाराच्या खात्यात त्या रात्री जमा झालेली रक्कम : शून्य.

यात कोणी कोणाला फसवले असे नाही. चित्र एकदा विकले की विकले. मात्र विक्रमी किमतींवरून एखाद्या चित्रकाराची कारकीर्द मोजायला बसले की आपण नेमके काय मोजतो आहोत, हे आधी ठरवून घेतलेले बरे.

चित्र २ मीटर २० सेंटीमीटर उंच आणि ३ मीटर ९५ सेंटीमीटर रुंद. क्षेत्रफळ साडेत्र्याण्णव चौरस फूट, म्हणजे चौरस फुटाला दीड कोटी रुपयांच्या वर. हा हिशेब मुंबईतल्या वाचकाला फ्लॅटच्या भावासारखा वाटेल, पण चीनमध्ये तो थट्टेचा विषय नाही. तिथे कागदावरची शाईची चित्रे पिढ्यानपिढ्या मापावर विकली जातात. अमुक चित्रकाराचा भाव एका चिनी चौरस फुटाला इतका, असे खुलेपणाने बोलले जाते. तैलचित्र ही तिथे विसाव्या शतकात रुजलेली, परदेशातून आलेली कला. तिचा भाव ठरवणारा बाजारही बाहेरूनच आला.

'द लास्ट सपर' २००१ सालचे आहे. मांडणी लिओनार्दो दा विंचीची, तेरा जण एका लांब टेबलाशी. पण जागा आहे शाळेचा वर्ग, भिंतींवर चिनी सुलेखनाचे तक्ते, आणि टेबलावर भाकरीऐवजी कलिंगडाच्या लालभडक फोडी. तेराही जणांच्या चेहऱ्यांवर पांढरे मुखवटे आणि गळ्यात यंग पायोनियर या सरकारी बालसंघटनेचा लाल रुमाल. फक्त येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या गळ्यात रुमालाच्या जागी पिवळा टाय आहे. क्रांतीचा रुमाल सोडून पैशाचा टाय बांधणारा चीन, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि तो लावायला फार डोके खाजवावे लागत नाही. मला ही रूपककथा थोडी जास्तच सोपी वाटते. गंमत एवढीच की पैशाच्या मोहावरचे हे चित्र पैशाच्याच विक्रमासाठी प्रसिद्ध झाले.

लाल रुमालाला एक खासगी बाजूही आहे. वर्गातल्या जवळपास सगळ्या मुलांना मिळणारा हा रुमाल लहानपणी झेंगला मिळाला नव्हता, हे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. पुढे तो त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवला, आणि त्याची सर्वांत महाग ठरलेली दोन चित्रे या रुमालांचीच आहेत.

झेंगचा जन्म १९६४ चा, वुहानचा. सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि संपली तेव्हा बारा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो छापखान्यात कामाला लागला. हुबेई ललित कला अकादमीच्या तैलचित्र विभागात प्रवेश मिळाला १९८७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. बाहेर पडला १९९१ मध्ये. मधल्या काळात, फेब्रुवारी १९८९ मध्ये, बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात चिनी नवकलेचे ते गाजलेले प्रदर्शन भरले आणि चार महिन्यांनी तिएनआनमेन चौकात रणगाडे आले. १९८० च्या दशकातला उत्साह ओसरला. झेंग शिकून बाहेर पडला तो त्यानंतरच्या शांततेत.

वुहानमध्ये तो ज्या घरात राहायचा तिथे संडास नव्हता. जवळच शिएहे रुग्णालय होते, तिथला वापरावा लागे. रोज जाता-येता रांगा, खाटा, सलाईनच्या बाटल्या, ताटकळलेले नातेवाईक दिसत. पदवीच्या वर्षी त्याने रंगवलेले तीन फलकांचे चित्र याच रुग्णालयाचे आहे. ख्रिस्ती वेदीवर जसे तीन जोडफलक असतात तशी मांडणी. मधल्या फलकावर देवाच्या जागी रुग्ण आणि डॉक्टर. डोळे वटारलेले, हात प्रमाणाबाहेर मोठे, बोटांचे सांधे सुजल्यासारखे, कातडीचा रंग सोललेल्या मांसासारखा. माक्स बेकमन आणि जर्मन अभिव्यक्तिवाद्यांचा अभ्यास त्यात उघड दिसतो. पण उसना वाटत नाही, कारण विषय रोजच्या वाटेवरचा होता.

शेजारीच मांसाचे दुकान होते. वुहानचा उन्हाळा चीनमध्ये भट्टी म्हणून कुप्रसिद्ध. दुपारी दुकानातली माणसे गोठवलेल्या मांसाच्या थंडगार तुकड्यांवर आडवी होऊन डुलकी काढत. झेंगने १९९२ मध्ये तेही रंगवले. त्या चित्रांत निजलेला माणूस कुठे संपतो आणि खालचे मांस कुठे सुरू होते हे कळू नये, असाच रंग वापरला आहे. माझ्या मते झेंगच्या सगळ्या कामात ही दोन वर्षे, १९९१ आणि १९९२, सर्वांत अस्सल आहेत. त्यांच्यामागे ना योजना होती, ना गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक मात्र लवकरच आले. बीजिंगचे समीक्षक ली शियानतिंग आणि हाँगकाँगचे कलादालनचालक जॉन्सन चांग हे तेव्हा चीनभर हिंडून नव्या चित्रकारांची एक फळी उभी करत होते. १९९३ च्या सुरुवातीला त्यांनी हाँगकाँगमध्ये '१९८९ नंतरची चीनची नवी कला' हे प्रदर्शन भरवले. झेंग त्यात होता. त्याच वर्षी तो वुहान सोडून बीजिंगला आला.

नव्या शहरात ओळखी नव्हत्या, बोलताना प्रत्येकाने तोंडावर काहीतरी चढवलेले, ही त्याची त्या काळाची आठवण. १९९४ पासून त्याने मुखवटे रंगवायला घेतले. सूट घातलेली, केस नीट विंचरलेली, समुद्रकिनारी किंवा कोऱ्या भिंतीपुढे उभी असलेली माणसे. चेहऱ्याला चिकटून बसलेला मुखवटा, इतका की तो काढला तर खाली चेहरा उरेल याची खात्री नाही. रंग लावून मग पॅलेट नाइफने खरवडून सपाट केलेला, त्यामुळे पृष्ठभाग थंड आणि गुळगुळीत. हात मात्र रुग्णालयातलेच राहिले, लाल, मोठे, सांधे उघडे पडलेले. ही मालिका जवळजवळ दहा वर्षे चालली.

त्या दहा वर्षांत चीनमधल्या समकालीन तैलचित्रांना देशातच बाजार नव्हता. घेणारे होते वकिलातीतले अधिकारी, परदेशी पत्रकार, हाँगकाँगचे दुकानदार, युरोपातले थोडे संग्राहक. भाव काय होते? झेंगचा समकालीन युए मिनजुन याचे १९९५ चे 'एक्झिक्यूशन' हे चित्र घ्या. चित्रकाराने ते हाँगकाँगच्या एका कलादालनाला ५,००० डॉलरला दिले. १९९६ मध्ये कलादालनाने एका तरुण बँकरला ते ३२,२०० डॉलरला विकले. ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या लिलावात त्याची किंमत झाली ५९ लाख डॉलर. दुकानदाराने एका व्यवहारात सहापट केली, बँकरने ११ वर्षांत १८३ पट. चित्रकार ५,००० वर थांबला.

चिनी समकालीन चित्रांच्या किमतींची शिडी कशी चढत गेली, ते पाहू. ३१ मार्च २००६ रोजी सदबीजने न्यूयॉर्कमध्ये आशियाई समकालीन कलेचा स्वतंत्र लिलाव घेतला. त्यात चिनी चित्रकार झांग शियाओगांगचे १९९८ सालचे 'कॉम्रेड' नावाचे एक चित्र ९ लाख ७९ हजार २०० डॉलरला गेले. अंदाज होता अडीच ते साडेतीन लाखांचा. सगळ्या कलाजगताच्या भुवया त्या दिवशी वर गेल्या. १९ महिन्यांनी युएचे ५९ लाख. त्यानंतर सात महिन्यांनी, मे २००८ मध्ये, हाँगकाँगला ख्रिस्तीजच्या लिलावात झेंगचे 'मास्क सिरीज १९९६ क्र. ६' : ७ कोटी ५३ लाख ७० हजार हाँगकाँग डॉलर, म्हणजे ९७ लाख अमेरिकी डॉलर. पहिल्या पायरीपासून तिसऱ्या पायरीपर्यंत २६ महिने आणि दहापट वाढ. चार महिन्यांनी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली.

इतक्या वेगाने चढलेला भाव कोणी चढवला? त्या दोन वर्षांत झेंगच्या कुंचल्यात काही फरक पडला नव्हता. खरे तर मुखवट्यांची मालिका त्याने आधीच आवरती घेतली होती. फरक पडला तो घेणाऱ्यांत. चीनमध्ये पहिल्या पिढीचे अब्जाधीश तयार झाले होते, आपल्या काळाची चित्रे आपल्या घरात हवीत असे त्यांना वाटू लागले होते. आणि ती चित्रे होती पाश्चात्त्य संग्रहांत. लिलाव ही त्यांची परतीची वाट झाली. २०११ मध्ये जागतिक कलाबाजारात चीनचा वाटा ३० टक्क्यांवर गेला आणि अमेरिकेला मागे टाकून तो पहिल्या क्रमांकावर आला. उलेन्स यांनी नेमके त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या संग्रहातली शंभराहून अधिक कामे हाँगकाँगला लिलावात काढली. मिळाले सुमारे ४२ कोटी ७० लाख हाँगकाँग डॉलर, अंदाजाच्या तिपटीहून जास्त. १९८० च्या दशकापासून चिनी कलावंतांच्या स्टुडिओंत जाऊन चित्रे घेणाऱ्या माणसाने विकण्याचा मुहूर्तही बरोबर साधला.

आता त्या 'मास्क सिरीज १९९६ क्र. ६' कडे परत येऊ. दोन फलकांवर मिळून साडेतीन मीटरहून रुंद, गळ्यात लाल रुमाल घातलेल्या आठ मुखवटाधारी तरुणांची रांग. हे एकच चित्र तीन वेळा लिलावात आल्यामुळे त्यावरून बाजाराची नाडी बघता येते. २००८ मध्ये हाँगकाँगला ७ कोटी ५३ लाख ७० हजार हाँगकाँग डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ६ कोटी ७० लाख युआन. २०१७ च्या हिवाळ्यात बीजिंगला पॉली लिलावगृहात साडेदहा कोटी युआन. आणि ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या साथीच्या ऐन काळात, बीजिंगमध्येच योंगले लिलावगृहात १६ कोटी १० लाख युआन.

वरवर पाहता बारा वर्षांत अडीचपटीच्या जवळ. डोळे दिपावेत अशी वाढ. पण दरसाल दरशेकडा काढला की ती सव्वासात ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान बसते. आपल्याकडच्या बँकेतल्या मुदत ठेवीवर त्या बारा वर्षांतल्या बऱ्याच वर्षांत याच्या आसपास व्याज मिळत होते, आणि त्यासाठी साडेतीन मीटरची भिंत लागत नव्हती.

याहून खोल गेले तर चित्र आणखी बदलते. बातमीतली किंमत म्हणजे खरेदीदाराने मोजलेली एकूण रक्कम. विकणाऱ्याच्या हाती येते ती हातोड्याची किंमत, तीही त्याचे कमिशन कापून. चीनच्या मुख्य भूमीवर खरेदीदाराचे शुल्क साधारण १५ टक्के असते. त्या हिशेबाने २०१७ चा हातोडा सव्वानऊ कोटींच्या किंचित खाली, २०२० चा १४ कोटी. म्हणजे २००८ च्या खरेदी किमतीवर २०१७ च्या हातोड्यापर्यंत, साडेनऊ वर्षांत, दरसाल सव्वातीन-साडेतीन टक्के. विमा, हवामान नियंत्रित गोदाम, वाहतूक यांचा खर्च धरला तर जवळपास काहीच नाही. पुढच्या पावणेतीन वर्षांत मात्र वर्षाला ११ टक्के. चित्र तेच होते. विकायचे वर्ष काय ते वेगळे.

हीच कसरत झांग शियाओगांगच्या 'बिग फॅमिली क्र. ३' वर करून पाहिली तर उत्तर जरा बरे येते. १९९५ चे चित्र. एप्रिल २००८ मध्ये ४ कोटी ७४ लाख हाँगकाँग डॉलर, एप्रिल २०१४ मध्ये ९ कोटी ४२ लाख. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट, कागदावर दरसाल १२ टक्के. हातोड्याची ८ कोटी ३० लाख ही रक्कम धरली तर पावणेदहा. वाईट नाही. पण तुलना करताना एक भान ठेवावे लागते : पुन्हा पुन्हा लिलावात येतात ती पोसली गेलेली, नावाजलेली चित्रे. ज्यांचा भाव पडला ती मालकांच्या गोदामात राहतात, त्यांचा आकडा तयारच होत नाही. शिवाय चीनच्या लिलावांत बोली लावून नंतर पैसे न भरणाऱ्यांची तक्रार जुनी आहे. लिलावाच्या यादीतला प्रत्येक आकडा म्हणजे बँकेत पडलेली रक्कम, असे गृहीत धरता येत नाही.

२०१३ चे शेवटचे तीन महिने झेंगच्या आकडेवारीत वेगळे काढून पाहावेत असे आहेत. ५ ऑक्टोबरला 'द लास्ट सपर'. १८ ऑक्टोबरला, तेरा दिवसांनी, पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या कामाचे मोठे सिंहावलोकन सुरू झाले, चाळीसएक कामांचे. ते १६ फेब्रुवारीपर्यंत चालले. ते चालू असतानाच २३ नोव्हेंबरला हाँगकाँगमध्ये ख्रिस्तीजने १९९२ चे 'हॉस्पिटल ट्रिप्टिक क्र. ३' लिलावात काढले आणि ११ कोटी ३२ लाख ४० हजार हाँगकाँग डॉलर आले, जवळपास १ कोटी ४७ लाख अमेरिकी डॉलर. दोन लिलावांत ४९ दिवसांचे अंतर, मिळून २९ कोटी ३६ लाखांहून अधिक हाँगकाँग डॉलर.

याला कट म्हणायचे कारण नाही. संग्रहालयाची प्रदर्शने दोन-तीन वर्षे आधी ठरतात आणि ती तारीख साऱ्यांना ठाऊक असते. विकणारे मूर्ख नसतात, इतकेच. संग्रहालय एखाद्या चित्रकाराला मान देते, तो मान लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापला जातो, तिथे भाव वाढतो, आणि वाढलेल्या भावामुळे पुढच्या संग्रहालयाला तो चित्रकार अधिक महत्त्वाचा वाटू लागतो. २०१४ मध्ये लूव्रने झेंगचे एक चित्र दलाक्रवाच्या स्वातंत्र्यदेवीच्या चित्राशी नाते सांगत मांडले. २०१६ मध्ये बीजिंगच्या उलेन्स सेंटरमध्ये त्याचे सिंहावलोकन झाले, प्रदर्शनाची रचना जपानी वास्तुरचनाकार तादाओ आन्दोची. या संस्थेचे संस्थापक तेच, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी 'द लास्ट सपर' विकले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ती संस्थाही नव्या गुंतवणूकदारांच्या हाती दिली. २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात झेंगची व्हॅन गॉगवरची चित्रे लागली. २०१८ मध्ये हाउझर अँड विर्थ या बड्या कलादालनाने झ्युरिक, लंडन आणि हाँगकाँग अशा तीन शहरांत एकाच वेळी त्याची प्रदर्शने भरवली.

या प्रदर्शनांत लोकांनी पाहिली ती चित्रे मात्र बहुतांशी मुखवट्यांची नव्हती. इथे चित्रकाराची कारकीर्द आणि त्याच्या किमतींची कारकीर्द यांची फारकत स्पष्ट दिसते.

विक्रमी चित्रांच्या रंगवण्याच्या आणि विकल्या जाण्याच्या सालांतले अंतर मोजा. १९९६ ते २००८ : बारा वर्षे. २००१ ते २०१३ : बारा. १९९२ ते २०१३ : एकवीस. १९९६ ते २०२० : चोवीस. बाजाराचे घड्याळ चित्रकाराच्या घड्याळामागे किमान एक तप चालते. विक्रम केलेली सगळी कामे त्याने वयाच्या अठ्ठाविसाव्या ते सदतिसाव्या वर्षांदरम्यान केली आहेत. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांतले काम, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा दोन तृतीयांश भाग, या यादीत नाही.

त्या भागात काय आहे? नव्या शतकाच्या सुरुवातीला झेंगने मुखवटे उतरवायला घेतले. उजव्या हाताला दुखापत झाली, म्हणून काही काळ डाव्या हाताने रंगवले. रेषा हातातून निसटू लागली, आणि ती निसटणेच त्याला आवडले. मग एकाच हातात दोन कुंचले धरायचे. एक जिथे हवे तिथे रेष ओढतो, दुसरा मागून येऊन ती बिघडवतो. अशा जाळ्यातून काटेरी झुडपे, रात्रीचे रान, दूर कुठेतरी पेटल्यासारखा उजेड तयार होतो. सुलेखनाचा हात आणि द कूनिंगचा ओला रंग यांची सरमिसळ. झाडांच्या या गुंत्यात पुढे ड्यूररचा ससा आला, प्रार्थनेला जोडलेले हात आले, लाओकूनचे शिल्प आले. यातली काही चित्रे फार मोठी आहेत. काही नुसतीच मोठी आहेत, हेही सांगायला हवे. चार मीटरच्या कॅनव्हासवर तीच फांद्यांची गुंतागुंत पाहताना कधी कधी सरावाचा हात दिसतो. पण मुखवटे विकले जात असताना मुखवटे रंगवणे थांबवणे, हा त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. त्याच्या पिढीतल्या इतरांकडे पाहिले की हे अधिक जाणवते. युए मिनजुनचा दात काढून हसणारा गुलाबी माणूस पुढची कित्येक वर्षे हसतच राहिला.

बाजाराने या निर्णयाची किंमत लावली का? लावली, पण वेगळ्या खिडकीवर. नवे काम विकले जाते ते कलादालनातून. तिथे किंमत जाहीर होत नाही, विक्रम होत नाही, आणि मिळालेल्या पैशांत चित्रकाराचा वाटा असतो, रिवाजाने साधारण निम्मा. लिलावातला उच्चांक इथे उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या खिशात गेलेले १६ कोटी चित्रकाराच्या पुढच्या कॅनव्हासचा भाव वर नेतात. म्हणून वरचे 'शून्य' हे त्या रात्रीपुरतेच खरे. पण हा फायदा उसन्या नशिबावर अवलंबून आहे. ज्यांनी तरुणपणी पाच हजारांत चित्रे दिली आणि नंतर हात थांबला, त्यांच्यासाठी शून्य म्हणजे शून्यच.

विक्रमाचे पुढे काय झाले ते थोडक्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगलाच सदबीजने जपानच्या योशितोमो नाराची, पाठीमागे सुरी लपवलेली मुलगी १९ कोटी ५७ लाख हाँगकाँग डॉलरला विकली. झेंगची किंमत सहा वर्षांनी मागे पडली. झेंगवर त्याचा दिसण्याजोगा परिणाम झाला नाही. २०२४ मध्ये व्हेनिसच्या जुन्या धर्मसंघाच्या वास्तूत, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने, त्याचे नवे काम मांडले गेले, रचना पुन्हा आन्दोचीच.

उरतो तो कायद्याचा भाग, आणि तो आपल्यालाही लागू आहे. लेखकाला प्रत्येक आवृत्तीवर मानधन मिळते, गायकाला रेकॉर्डवर, मग चित्रकाराला पुनर्विक्रीवर का नको? फ्रान्सने हा हक्क शंभर वर्षांपूर्वी, १९२० मध्ये दिला. आज युरोपीय संघात तो सगळीकडे आहे, ४ टक्क्यांपासून खाली उतरत जाणारा, आणि कमाल १२,५०० युरो. 'द लास्ट सपर' पॅरिसमध्ये विकले गेले असते तर १ कोटी ७० लाखांहून अधिक युरोंवर झेंगला साडेबारा हजार मिळाले असते, एक हजारातला एक भागही नाही. आणि तेही मिळाले नसते, कारण युरोपबाहेरच्या चित्रकाराला हा हक्क त्याच्या देशाने युरोपीयांना तसाच हक्क दिला असेल तरच लागू होतो. चीन तो देत नाही. हाँगकाँगही नाही.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात मात्र तो आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३ अ सांगते की चित्र, शिल्प किंवा रेखाटनाची मूळ प्रत दहा हजारांहून अधिक रुपयांना पुन्हा विकली गेली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना किमतीत वाटा मिळावा, तो १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कागदावर जगातल्या उदार तरतुदींपैकी ही एक. १४३ कोटींवर कमाल दराने १४ कोटी होतात. आपल्या लिलावांत रझा, गायतोंडे, सूझा यांची चित्रे दरवर्षी हात बदलतात, पण हे कलम वापरात आल्याचे ऐकू येत नाही.

चीनमध्ये कॉपीराइट कायद्याच्या तिसऱ्या दुरुस्तीवर जवळपास दहा वर्षे चर्चा चालली. सुरुवातीच्या मसुद्यांत पुनर्विक्रीतल्या वाट्याचे कलम होते. लिलावगृहांनी विरोध केला, कायदेपंडितांत मतभेद झाले. ऑगस्ट २०२० मध्ये योंगले लिलावगृहात आठ मुखवटे १६ कोटी १० लाख युआनला गेले. तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, दुरुस्ती मंजूर झाली आणि १ जून २०२१ पासून लागू झाली. ते कलम तिच्यात नाही.